भुईकोटातले गिर्यारोहक

पुण्याच्या माणसाला सिंहगड आहे, साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यतारा आहे. सोलापूरच्या माणसाला भुईकोट आहे. नावातच सगळं आलं. बहामनी काळात ज्यांनी तो बांधला, त्यांनी आमच्या गुडघ्यांचा विचार करून किल्लाच जमिनीवर ठेवला. सरळ चालत आत जायचं, शेंगा खायच्या, सरळ चालत बाहेर यायचं. चढ म्हटलं की आम्हाला रेल्वेचा पूल आठवतो, आणि तोही आम्ही स्कूटरवरूनच चढलेला असतो.

असे आम्ही दोघे पन्नाशीतले भुईकोटी गेल्या डिसेंबरात दऱ्या तुडवायला निघालो, याला जबाबदार माझे अमेरिकेतले मेहुणे. ते युटात भटकून आले होते. झायन, ब्राइस, आर्चेस अशा पार्कांचे फोटो तासातासाला येऊन पडत होते. लाल डोंगर, निळं आभाळ, नावाला झाड नाही, औषधाला पाणी नाही. खाली एकच शब्द : 'निःशब्द!'

मी ते कारखानदाराला दाखवले. कारखानदार म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे चार यंत्रमाग आहेत, आणि सोलापुरात चार मागांना माणूस कारखानदार होतो. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाला, "सांगोल्यातलं आहे की बे हे."

"तिकडे याला नॅशनल पार्क म्हणतात."

"आपल्याकडे याची आणेवारी पन्नास पैशांच्या आत लागते." मग जरा थांबून, "आणि पार्कात भेळ मिळते का?" सोलापुरात पार्क म्हणजे पार्क चौपाटी. भेळेशिवाय पार्क त्याच्या कल्पनेत बसत नव्हतं.

पण मेहुण्यांना उत्तर देणं भाग होतं. व्हिसा नाही तर नाही, बदामी आहे, त्यापुढे आंध्रात गंडिकोटा आहे. तारखा मात्र आम्ही नाही, नळाने ठरवल्या. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. लग्नाचा मुहूर्त टळला तर दुसरा काढता येतो, पाण्याचा दिवस टळला तर घरात तोंड दाखवायची सोय राहत नाही. त्यामुळे पाणी भरून निघायचं आणि पुढचं पाणी सुटायच्या आत परत यायचं, असा बेत पक्का झाला.

सामानात चाळीस कडक भाकऱ्या, किलोभर शेंगा चटणी आणि कारखानदाराच्याच मागावरचे डझनभर टॉवेल. शिवाय सहा सोलापुरी चादरी. "माणसं दोन, चादरी सहा?" मी विचारलं. "थंडी परक्या मुलखातली आहे," तो म्हणाला. सोलापूरच्या माणसाला थंडीचा अनुभव फार नाही. उन्हाळा जरा दम खायला थांबतो, त्याला आम्ही हिवाळा म्हणतो.

भाषेची भीती नव्हती. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच रिक्षात बसतात आणि उतरताना तिघींना 'बे' लागलेला असतो. कारखानदाराचे पणजोबा विणकामासाठी तेलंगणातून आलेले, घरात अजून तेलुगू. माझं कन्नड बाजारातलं. "कर्नाटक तुझं, आंध्र माझं," अशी आम्ही टाकळीचा पूल येण्याआधीच वाटणी करून टाकली.

विजयपूर गेलं, कोल्हारला कृष्णा ओलांडली, बागलकोट मागे पडलं. तोवर दोन्ही बाजूंना आमच्याचसारखी काळी रानं आणि पोटरीला आलेली ज्वारी. बदामी जवळ आली तसा दगडाने रंग बदलला. काळ्याचा तांबडा झाला आणि गावाच्या डोक्यावर भाजलेल्या विटेसारखे कडे उभे राहिले. तिसऱ्या लेण्यात चालुक्यांच्या मंगलेशाचा शिलालेख आहे, इसवी सन 578 चा. "चौदाशे वर्षांपूर्वीच्या कामावर तारीख आहे," कारखानदार हळहळला, "आणि आमचे व्यापारी चेकवर टाकत नाहीत."

बदामी म्हणजे जुनं वातापी. याच नावाच्या राक्षसाला अगस्त्य ऋषींनी खाऊन पोटात जिरवलं, अशी कथा आहे, आणि कड्यांमधल्या तळ्यालाही अगस्त्यांचंच नाव आहे. त्या तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही शिदोरी सोडली आणि एका माकडाने ती ताब्यात घेतली. कर्नाटक माझ्याकडे असल्यामुळे मी पुढे होऊन "बेड! बेड!" असं ओरडलो. माकडाने माझ्याकडे नवख्या कारकुनाकडे बघावं तसं बघितलं. त्याने कडक भाकरी कडाकडा मोडली, पसंतीची मान हलवली आणि चटणीच्या पुडीत चारी बोटं घालून तोंडात कोंबली. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याचे डोळे मोठे झाले, ओठ बाहेर आले, त्याने पुडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि पुडी टाकून ते थेट तळ्यावर जाऊन पाण्याला तोंड लावून बसलं. वातापी जिरला असेल, सोलापूर जिरत नाही.

तळ्याच्या उत्तरेला, संग्रहालयाच्या बाजूने, कड्यांवरच्या शिवालयांकडे वाट जाते. दगडाला मधोमध चीर पडलेली आणि त्या चिरेतून पायऱ्या. दोन्हीकडे सरळ भिंती, वर आभाळाची एक निळी पट्टी. भिंतींवर वाळूचे थर तिरक्या रेघांनी गोठलेले, जणू कुणी तांबड्या मातीवरून नुकताच खराटा फिरवलाय. मी हात लावला तर उन्हात असूनही दगड माठासारखा गार. मी निःशब्द होणार एवढ्यात मागून आवाज आला, "कुणी वरून येत असेल तर त्याला थांबायला सांग बे. मला बाजू देता येणार नाही." कारखानदाराचं पोट आणि ती चीर यांचं जमत नव्हतं. एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन, अनवाणी, आम्हाला वळसा घालून वर गेली. वळसा कुठून घातला ते कळलं नाही.

गंडिकोट्याला आंध्र सुरू झालं. चहाच्या टपरीवर कारखानदाराने कॉलर नीट करून तेलुगू काढलं. दोन चहा, साखर कमी, दूध जास्त, बसायला खुर्ची आणि किल्ल्याचा इतिहास, हे सगळं तो दोन मिनिटं मागत होता. टपरीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "महाराष्ट्र से आए क्या?" कारखानदार तो चहा संपेपर्यंत माझ्याशीही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारातच चादरी पांघरून निघालो. किल्ल्यातली जामा मशीद आणि जुनं धान्याचं कोठार मागे टाकलं की पुढे रंगनाथाचं पडकं देऊळ आणि मग नुसते चौकोनी दगड, एकावर एक रचल्यासारखे. कठडा नाही. अर्धा रस्ता आम्ही गिर्यारोहणाच्या ज्या शैलीत केला तिला लहान मुलांत रांगणं म्हणतात. आणि मग जमीन एकदम संपली. एर्रमला डोंगर उभा चिरलेला, आणि तीनशे फूट खाली वळण घेऊन निवांत पडलेली हिरवट पेन्ना नदी. सूर्य आला तसा समोरचा कडा वरून खाली थराथराने पेटत गेला.

"अमेरिकेतला ग्रँड कॅनियन दीड किलोमीटरहून खोल आहे," मी म्हणालो.

"पडणाऱ्याला काय फरक आहे?"

दगडाच्या वयात मात्र मेहुणे हरले. झायनच्या कड्यांचा दगड एकोणीसेक कोटी वर्षांचा, इथला शंभर कोटींच्या पुढचा. आमचा सोलापूरचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटींचा, म्हणजे घरात सगळ्यांत धाकटा.

कारखानदार पोटावर आडवा होऊन, नाक कड्याबाहेर काढून बराच वेळ खाली बघत होता. शेवटी म्हणाला, "हे सगळं त्या पाण्याने केलं?"

"हो."

"एवढ्या दगडाला?"

"हो."

"रोज येत असेल," तो म्हणाला.

पाणी सुटायच्या आदल्या मध्यरात्री आम्ही सोलापुरात पोचलो. पहाटे चारला त्याचा फोन आला, "आलंय बे." मी पाइप घेऊन नळापाशी वाकलो आणि गुडघ्यांनी नको म्हटल्यामुळे तसाच वाकलेला राहिलो. म्हणून ते दिसलं. नळाखालच्या शहाबादी फरशीवर, थेंब पडतो नेमका तिथे, बोटाचं पेर मावेल एवढा खळगा होता. कडा गुळगुळीत, आत थोडं पाणी. घर बांधून तीस वर्षं झाली, पाणी काही दिवसांआड, तेही तासभर. तेवढ्यात फरशीने आपली दरी उरकली होती.

बॅटरी लावून जवळून फोटो काढला, खाली 'निःशब्द!' लिहिलं आणि मेहुण्यांना पाठवला. तिकडे दुपार असावी. लगेच उत्तर आलं :

'वा! हे कुठलं पार्क?'