वैशाखातला विश्वकर्मा

अकोला शहराच्या जठारपेठ, रामदासपेठ, गोरक्षण रोड, कौलखेड अशा मध्यमवर्गीय वस्त्यांत होळीपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत एक विशिष्ट मनुष्यप्रकार विपुल आढळतो, ज्याची नोंद जनगणनेने अद्याप घेतलेली नाही. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी शाळेत, बँकेत किंवा जिल्हा परिषदेत झालेली अथवा संपत आलेली, अंगात बाह्यांचा बनियन, कानावर पेन्सिल आणि हातात टेस्टर, म्हणजे वीज आहे की नाही हे दाखवणारा, दांड्यात बारीक दिवा असलेला पेचकस, ही त्याची बाह्य लक्षणे होत. घरचा कूलर स्वतः खोलणे, स्वतः जोडणे आणि जोडून झाल्यावर तो का चालत नाही याचे कारणही स्वतःच शोधणे हा त्याचा छंद असून, त्याला येथे सोयीसाठी कूलरपंडित म्हटले आहे. पोटासाठी कूलर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीशी त्याची गल्लत करू नये. मिस्त्री पैसे घेतो आणि अर्ध्या तासात कूलर सुरू करून निघून जातो, तर कूलरपंडित यांपैकी काहीच करत नाही.

हा प्रकार अकोल्यातच एवढा का फोफावला याचे उत्तर इथल्या हवेत आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांवर जाणे ही येथे बातमी नसून दिनक्रम आहे, आणि मे 2024 मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाने एरवी जमावबंदीसाठी ओळखले जाणारे कलम 144 लागू करून कामाच्या जागी पाणी-पंख्याची सोय आणि शिकवणी वर्गांच्या वेळा यांबाबत निर्बंध घातले होते. उन्हानेच एके ठिकाणी जमा होऊ नये, असा या आदेशाचा अर्थ काही पंडितांनी लावल्याचे सांगतात. अशा गावात कूलर ही चैनीची वस्तू राहत नाही. ती घरातील कर्त्या पुरुषाच्या कर्तेपणाची कसोटी ठरते, आणि एरवी घरात ज्याचे कोणी ऐकत नाही असा पुरुषही हे तीन महिने तरी ऐकण्याजोगा होतो.

कूलरचे तत्त्व पंडित कोणालाही, विशेषतः ज्याने विचारलेले नाही त्याला, विस्ताराने समजावून सांगतो, आणि ते तो बरोबर सांगतो हे मान्य करावे लागते. पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतून उष्णता शोषून घेते. 1 लिटर पाणी उडून गेले की सुमारे 2,400 किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत युनिटच्या दोनतृतीयांश भागाइतकी, उष्णता हवेतून कमी होते. हवा 44 अंश तापलेली आणि तिच्यातील सापेक्ष आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक 23 अंशांच्या आसपास स्थिरावतो, आणि बऱ्यापैकी ताट्या, म्हणजे ज्यांतून हवा आत येते त्या बाजूंच्या ओल्या भरावाच्या चौकटी, लावलेला कूलर या दोन आकड्यांमधले साधारण 70 टक्के अंतर कापून खोलीत 29-30 अंशांची हवा सोडतो. याच कारणाने कोरड्या वऱ्हाडात जो कूलर अमृत वाटतो, तोच दमट मुंबईत केवळ आवाज करतो. मुंबईला स्थायिक झालेल्या जावयाला हे पटवून देण्यात पंडिताच्या अनेक दुपारी खर्ची पडलेल्या असतात.

आपल्या छंदाला कुळाचार आहे याचीही त्याला जाणीव असते. वाळ्याच्या, म्हणजे खस नावाच्या सुगंधी गवताच्या मुळांच्या, जाळ्यांवर पाणी शिंपडून उन्हाळ्यात गारवा आणण्याची युक्ती ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या नावे नोंदलेली आहे, तर अमेरिकेतील ॲरिझोनात 1930 च्या दशकात घरोघरी लाकडी पेट्यांना पंखा लावून आणि त्यात अस्पेन झाडाच्या लाकडाच्या कुरळ्या छिलपट्या भरून लोक स्वतःच कूलर तयार करीत असत. अकबर बादशहा, ॲरिझोनाचा शेतकरी आणि आपण, अशी परंपरा पंडित सांगतो, आणि मधली काही शतके तो गाळतो.

त्याचे खरे कर्तृत्व मात्र पाण्यात नसून तारेत आहे. कूलरमध्ये दोन मोटारी असतात: एक पंख्याची, आणि दुसरी टाकीतले पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणाऱ्या साधारण 18 वॅटच्या चिमुकल्या पंपाची. टाकीतले पाणी संपले आणि पंप कोरडा फिरत राहिला की तो तापतो, त्याच्या आतील तारेच्या वेटोळ्यावरचा लाखेसारखा पातळ विद्युतरोधक थर जळतो, आणि घरभर एक ओळखीचा वास सुटतो. नवा पंप बाजारात काही शे रुपयांत मिळतो ही माहिती पंडिताला असते. परंतु ती त्याला क्षुद्र वाटते. ‘कंडेन्सर गेलं असन,’ हे त्याचे प्रथम निदान. कंडेन्सर म्हणजे मोटारीला सुरुवातीचा हिसका देणारा, वीज साठवणारा डबा. तो पंख्याच्या मोटारीला असतो, पंपाला नसतोच, हे लक्षात आल्यावर निदान बदलते आणि ‘वाइंडिंग करावी लागते’ असे घोषित होते. घरातून मिस्त्री बोलावण्याची सूचना येताच, ‘थो मिस्तरी का आकाशातून शिकून आला का?’ हा प्रश्न उच्चारला जातो, ज्याला उत्तर नाही.

वाइंडिंग म्हणजे जळालेली तार उलगडून तेवढ्याच जाडीची नवी तांब्याची तार तेवढेच वेढे देऊन पुन्हा गुंडाळणे. तारेची जाडी गेजच्या क्रमांकाने मोजतात आणि क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक, हा उलटा हिशेब पंडिताला विशेष प्रिय आहे, कारण तो दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो. जुन्या रिळावरचे वेढे मोजत उलगडायचे, आकडा दिनदर्शिकेच्या मागे लिहायचा, मग शिलाई मशीनच्या जुन्या चाकावर बसवलेल्या रिळावर नवी तार चढवायची, असा क्रम असतो. वेढे हजाराच्या वर असल्याने मोठ्याने मोजावे लागतात. ‘आठशे एकेचाळीस, आठशे बेचाळीस,’ असे चालू असताना आतून ‘अहो, गॅसचा नंबर कधी लावला होता?’ असा प्रश्न येतो. ‘बावीस तारखेला,’ असे उत्तर जाते आणि पुढचा वेढा तेविसावा ठरतो. अकोल्यातील कित्येक पंपांच्या अशक्तपणाचे मूळ अशा कौटुंबिक संवादांत आहे. वेढे कमी भरले तर वेटोळ्याचा अडथळा घटून प्रवाह वाढतो आणि पंप पुन्हा जळतो, जास्त भरले तर पाणी वरपर्यंत चढत नाही. दोन्ही दोष पंडित व्होल्टेजच्या माथी मारतो.

परदेशांत तारेच्या वेटोळ्याचा आणखी एक छंद आहे, ज्यात हौशी लोक विजेवर वाफ देणाऱ्या सिगारेटीतले जळालेले वेटोळे घरी वळतात आणि त्यात कापसाची नवी वात घालतात. भारताने 2019 मध्ये कायदा करून अशा सिगारेटींचे उत्पादन आणि विक्रीच बंद केली, त्यामुळे ओला बोळा, तार आणि वाफ या त्रयीवर प्रेम करणाऱ्या इथल्या पुरुषाला कूलरशिवाय अन्य आश्रय उरलेला नाही. फुप्फुसांच्या दृष्टीने हे योग्यच झाले.

पंख्याची मोटार गुंडाळणे पंपाच्या वाइंडिंगहून अवघड, कारण तिच्यात चालू वाइंडिंग आणि स्टार्टिंग वाइंडिंग असे दोन संच असतात, आणि एका संचाच्या टोकांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. अशा वेळी खोलीतली हवा ओल्या ताट्यांतून बाहेर फेकली जाते. कूलर खिडकीत आणि खिडकीखाली शेजाऱ्यांच्या कुरड्या-पापडांचे वाळवण, अशी अकोल्यातील घरांची सर्वसाधारण मांडणी असल्याने या शास्त्रीय प्रयोगाचा निष्कर्ष तत्काळ कळवला जातो: ‘भाऊ, तुमचा कूलर उलटा वारा फेकून राह्यला!’ पंडित मान डोलावतो. मोटार फिरली, हे त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते.

ताट्यांच्या प्रश्नावर या मंडळींत तीन पंथ आहेत. पहिला वाळ्याचा, जो सुवासिक, महाग आणि अल्पसंख्य. दुसरा वूडवूलचा, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा, जो दर गुढीपाडव्याला नवे तंतू भरतो आणि त्या निमित्ताने घरभर कचरा करतो. आणि तिसरा हनीकोंबचा, म्हणजे मधाच्या पोळ्यागत छिद्रे असलेल्या जाड कागदी पट्ट्यांचा, ज्याला इतर दोघे आळशी समजतात. वाद तात्त्विक असला तरी त्याचा निकाल पूर्णा खोऱ्यातील पाणी लावते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. असे बोअरचे पाणी कूलरात घातले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो, म्हणून काही आठवड्यांत तिन्ही पंथांच्या ताट्या सारख्याच पांढऱ्या आणि सारख्याच टणक होतात. नळाचे पाणी गोड, पण ते काटेपूर्णा नदीवरच्या महान येथील धरणातून येते आणि दररोज येत नाही; मोठा कूलर भर दुपारी तासाला 10 लिटरच्या वर पाणी सहज पितो. नळ कोणत्या दिवशी येणार हे पंडिताला तोंडपाठ असते. मुलांचे वाढदिवस नसतात.

एवढे ज्ञान असलेल्या माणसाची दोन अज्ञाने मात्र गंभीर आहेत, आणि येथे विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. पहिले अर्थिंगचे. लोखंडी पेटी, ओली फरशी आणि घरी गुंडाळलेली तार यांच्या संगतीत पेटीला जमिनीशी जोडणारी तार नसेल, तर आतला प्रवाह पेटीत उतरतो आणि पाणी भरायला आलेल्या बाईमाणसाच्या किंवा लेकराच्या जिवावर बेततो. विदर्भात दर उन्हाळ्यात अशी मरणे होतात. प्लगची तिसरी पिन ‘नुसती शोभेची’ म्हणून मोडून टाकणारे पंडित आढळतात, आणि त्यांना या लेखातली सहानुभूती लागू नाही. दुसरे अज्ञान टाकीचे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा टाकी उपसून, घासून कोरडी करणे हा त्यावरचा उपाय आहे. परंतु घासणे हे तंत्रज्ञानात मोडत नसल्याने पंडित ते घरातल्या इतरांवर सोपवतो.

सर्व काही जमून कूलर निर्दोष चालू लागला की पंडिताची अवस्था पाहवत नाही. घरची माणसे गार वाऱ्यात झोपतात आणि हा एकटा उशाशी बसून बेरिंगचा आवाज ऐकतो. दोन दिवसांत त्याला ‘कुठेतरी काहीतरी घासतंय’ असे वाटू लागते, आणि तिसऱ्या दिवशी मागची जाळी उतरलेली असते. मुले एसी घेण्याचा आग्रह धरतात. त्याच्या मते एसी हे यंत्रच नव्हे, कारण त्यात वायू भरून तोंड बंद केलेले असते आणि खोलायचे तर कंपनीचा माणूस यावा लागतो. जी वस्तू स्वतः बिघडवता येत नाही, तिच्यावर माणसाने विश्वास कसा ठेवावा, असा त्याचा सवाल आहे.

तरीही त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. वैशाखातल्या संध्याकाळी वावटळ उठून वीज जाते, तेव्हा सुमारे 1,500 वॅट खाणारा दीड टनाचा एसी घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही, आणि पंख्या-पंपासह 200 वॅटच्या आसपास भागणारा कूलर चालतो. मग ज्यांच्या कुरड्या भिजल्या होत्या ते शेजारीही पंडिताच्या खोलीत सतरंजीवर येऊन बसतात आणि वेढ्यांचा हिशेब निमूटपणे ऐकून घेतात. एवढ्या कारणासाठी तरी प्रत्येक गल्लीत एक कूलरपंडित असू द्यावा. अर्थिंग मात्र मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.