चौघांना एकत्र बसवा

मुलांना गेमचं वेड लागलं की शाळा काय करते? सभागृहात शेकडो मुलं कोंबते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देते, तासभर ‘मोबाइलचे दुष्परिणाम’ ऐकवते आणि अहवालात लिहिते, समुपदेशन झालं. हे समुपदेशन नव्हे, व्याख्यान आहे.

दुसरा उपाय याहून वाईट. एका मुलाला हेरायचं, पालकांना बोलवायचं, फोन काढून घ्यायचा. पण बीजीएमआय हा ऑनलाइन गेम खेळणारा मुलगा बहुधा एकटा नसतो, चौघांच्या स्क्वॉडमध्ये असतो. तो जेवायला उठला की तिघं अडचणीत येतात. म्हणून तर ‘आई, एवढी मॅच संपू दे.’ त्याला एकट्याला शहाणं करून तुम्ही परत त्याच तिघांत सोडता. रात्री ते हाक मारतात, तो जातो. दोस्तीतून जडलेली सवय दोस्तांसकटच सोडवावी लागते.

नुसत्या बंदीनेही भागत नाही. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेमबंदी केली. मुलं मोठ्यांच्या नावाने खेळत राहिली. दहा वर्षांनी सरकारने ती बंदी उठवायचं ठरवलं. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने मात्र 2022 मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. हा नियम अख्ख्या गावाला, मोठ्यांनाही. शेजारचा खेळतोय आणि मीच तेवढा बसलोय, ही बोचच उरत नाही.

शाळेतला समुपदेशनाचा गटही असाच, सगळ्यांना एकत्र घेणारा हवा. आठ-दहा मुलं, एक प्रशिक्षित समुपदेशक, दर आठवड्याला तीच वेळ. इथलं बोलणं घरी किंवा स्टाफरूममध्ये जाणार नाही, ही हमी पहिल्याच दिवशी द्यायची. अपवाद फक्त जिवाला धोका असेल तेव्हाचा, आणि तोही आधीच सांगायचा. मग मुलं बोलतात. बाबा ओरडले की फोनकडे हात जातो. वर्गात नाव नाही, पण गेममध्ये रँक आहे. अशा वेळी मोठ्यांनी मध्ये पडून उपदेश करू नये. रात्री किती वाजता लॉग-आउट व्हायचं, ते स्क्वॉडनेच मिळून ठरवावं. पुढच्या आठवड्यात कुणी ‘मोडला नियम’ म्हणालं, तर त्याला रागवायचं नाही. त्या रात्री काय झालं होतं, ते विचारायचं. आईबापांचाही वेगळा गट हवा. जेवताना स्वतः रील्स पाहणाऱ्या घरात मुलाला कुठल्या तोंडाने थांबवणार?

खेळणारं प्रत्येक पोर व्यसनी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही ‘गेमिंग डिसऑर्डर’च्या निदानासाठी साधारण बारा महिन्यांची लक्षणं धरली आहेत. पण झोप, जेवण, शाळा सगळंच सुटलेल्या मुलाला गटावर न सोडता मनोविकारतज्ज्ञाकडे न्या.

बाकीच्यांसाठी मुख्याध्यापकांनी वेळापत्रकातला एक तास द्यावा, शाळा सुटल्यानंतरचा नव्हे. आणि त्या तासाला वर्गशिक्षकांनी खोलीबाहेर थांबावं.