होतंय की!

रेल्वेनं मला आजवर पुष्कळदा रडवलं, पण ते उशिरा येऊन. वेळेवर येऊन रडवण्याचा मान सिद्धेश्वर एक्सप्रेसचा. मुंबईहून रात्री निघालेली ही गाडी दौंडला डुलकी काढेल, कुर्डुवाडीला चहा पिईल आणि रमतगमत सोलापूर गाठेल, असा माझा हिशेब होता. गाडीनं घात केला. सकाळी सातच्या आत आम्ही दोघं, दोन बॅगा आणि आहेराचं एक खोकं हॉटेलच्या काउंटरपुढे हजर होतो. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. खोली बारा वाजता मिळणार होती.

"लवकर मिळेल का हो?" मी विचारलं.

काउंटरवरच्या पोरानं रजिस्टरातून मान वर न काढता सांगितलं, "होतंय की."

सोलापूरच्या या 'की'ला कमी लेखू नका. 'बसा की', 'घ्या की', 'देतो की'! कानाला वाटतं, काम झालंच. आम्ही आनंदानं सोफ्यावर बसलो. अर्ध्या तासानं लक्षात आलं, की 'होतंय की' यात होण्याची खात्री आहे, वेळेची नाही.

"पण हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाणारे तर पहाटेच गेले असतील," मी मुद्दा काढला. "त्यांची खोली?"

"रिकामी हाय की."

"मग?"

"झाली न्हाई वो काका."

रिकामी खोली आणि झालेली खोली यांत फरक असतो, हे ज्ञान मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी झालं. झाडू मारणारा नऊला येतो. फरशी पुसणारी बाई त्याच्यानंतर. आणि मुख्य म्हणजे चादरी अजून धोब्याकडून आल्या नव्हत्या.

चादरी! ज्या गावानं अख्ख्या महाराष्ट्राला पांघरूण घातलं, ज्याच्या चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, त्या सोलापुरात मी चादरीवाचून ताटकळत होतो.

"अर्ध्या दिवसाचे ६०० भरा, दुसरी खोली देतो की," पोरानं सुचवलं. हीच एक गोष्ट ताबडतोब होण्यासारखी होती. मी बाणेदारपणे नकार दिला. पाच तासांचे ६०० म्हणजे तासाला १२० रुपये! एवढ्या दरानं मी आयुष्यात कधी झोपलो नाही.

या जिल्ह्यात माझ्याआधी असा अवेळी दारात आलेला एकच पाहुणा मला ठाऊक आहे. तिकडे पंढरपुरात पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता आणि दारात साक्षात देव! पुंडलिकानं जादा भाडं मागितलं नाही. वीट भिरकावली आणि म्हणाला, थांब यावर. पाहुणा अठ्ठावीस युगं तिथंच आहे. त्याची खोली अजून झालेली नसावी. मी वळून पाहिलं. काउंटरपुढे हीसुद्धा कमरेवर हात ठेवून उभी होती, फक्त चेहऱ्यावर तो प्रसन्न भाव नव्हता.

"अहो, बॅगा ठेवा इथंच आणि चला," ती म्हणाली.

रिक्षानं सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. चहूकडे पाणी, मध्ये देऊळ, बाजूला भुईकोट किल्ल्याचे बुरूज. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदलं, असं सांगतात. पाण्यावरून येणारा वारा एप्रिलातही गार लागत होता. तेवढा एक तास मी घड्याळ पाहिलं नाही. हिनं मात्र देवापुढे बराच वेळ हात जोडले. काय मागितलं विचारलं, तर म्हणाली, "अंघोळ."

मग नाश्ता. चुरमुऱ्यांची 'सुशीला' आली. गरम, पिवळी, वर शेंगदाणे. मी "सुशीला छानच आहे" असं दोनदा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला नको होतं.

नऊनंतर ऊन चावायला लागलं. सावली हवी म्हणून नवी पेठेत एका दुकानात शिरलो. सावली फुकट मिळते, पण दुकानात नाही. दोन टॉवेल घेतले. शेंगाचटणी घेतली, कारण सोलापूरला जाऊन ती न आणणाऱ्याला आमच्या सोसायटीत तोंड दाखवता येत नाही. आणि अचानक मला युक्ती सुचली. मी एक चादर घेतली. लाल-काळी, नक्षीची, जाडजूड.

अकराला काउंटरवर ती चादर आपटून मी विजयी सुरात म्हणालो, "ही घ्या चादर. द्या खोली!"

पोरानं चादरीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला. "माल चांगला हाय. केवढ्याला घेतली?" मी आकडा सांगितला. त्यानं फक्त हळहळून मान हलवली. "पण चादरी आल्या की वो काका. आता उशांचे अभ्रे ऱ्हायलेत."

खोली मिळाली बाराला. बरोबर बाराला; एक मिनिट आधी नाही. पलंगावर बसून मी हिशेब केला. रिक्षा, सुशीला, चहा दोनदा, टॉवेल, चटणी, चादर: १,४४० रुपये. ६०० वाचवायला एवढा खर्च येतो.

लग्न छान झालं. रात्री उशिरा परतलो आणि मेल्यासारखे झोपलो. सकाळी साडेनऊला फोन खणखणला. खोली सोडायची वेळ अकरा. पण पोराचा आवाज आज फार मऊ होता. "काका, जरा लवकर खाली होतीय का खोली? पाहुणे आलेत. सात वाजल्यापासून बसलेत बिचारे."

मला तो सोफा दिसला. त्यावरच्या दोन बॅगा दिसल्या. कमरेवर हात ठेवलेली कुणीतरी दिसली. जीव कळवळला.

मी नवी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणालो, "होतंय की."