नाना वाईला निघतात

बँकेत नोकरी करणाऱ्यांच्या कॅलेंडरात एकादशी-चतुर्थीला फारसं स्थान नसतं. त्यात असतो दुसरा शनिवार आणि चौथा शनिवार. २०१५ च्या सप्टेंबरपासून हे दोन शनिवार आम्हाला सुट्टीचे मिळाले आणि त्या बदल्यात उरलेले, पूर्वी अर्ध्या दिवसाचे असलेले शनिवार पूर्ण भरायला लागले. हा हिशोब ज्यानं घातला तो नक्की आमच्याच खात्यातला असणार.

तर फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. डोक्यावर मार्च एंड. रात्री अकरा वाजता ग्रुपवर साहेबांचा प्रश्न येतो, "आजचा आकडा?" आणि नंतर झोपेत मी दात खाते. हे नवऱ्याचं म्हणणं मी वर्षभर धुडकावून लावत होते. पण डेंटिस्टनं आरशात माझीच दाढ मला दाखवली. जात्याला टाकी लावायची वेळ यावी तशी ती गुळगुळीत झाली होती. "वसुली दातांनी करता काय?" तो म्हणाला, आणि दोन दिवस कुठेतरी जाऊन यायला सांगितलं.

कुठेतरी म्हणजे वाई. तिथे मावशी आहे, कृष्णेचा घाट आहे, शिवाय पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर म्हणजे सकाळी निघालं तर जेवायला तिथे. अडचण एकच होती, ती म्हणजे नाना.

नाना हे आमचं मांजर. सहा वर्षांचे, पांढरे, पाठीवर उपरणं टाकावं तसा करडा पट्टा. पिल्लू असल्यापासूनच चेहरा असा की एखादं राज्य बुडणार हे यांना आधीच कळलंय, फक्त सांगायची वेळ आलेली नाही. म्हणून नाव पडलं नाना. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी तीन पूर्ण, आणि नाना फडणीस अर्धे, कारण त्यांना तलवारीचं अंग नव्हतं. आमच्या नानांनाही नाही. स्वयंपाकघरात एकदा उंदीर आला तेव्हा त्यांनी त्याला ओट्यापासून बाल्कनीपर्यंत नजरेनं पोहोचवलं आणि पुन्हा डोळे मिटले.

एरवी आम्ही गावाला गेलो की शेजारच्या काकू त्यांचं बघतात. पण काकू नेमक्या लेकीकडे गेलेल्या. मागे एकदा आम्ही दोन दिवस त्यांना एकटं ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आपला निषेध ओला करून ठेवला होता. तो वास पुढे दोन ऑडिटं टिकला. त्यामुळे नानांना बरोबर न्यायचं ठरलं. नवऱ्याला त्यात इतिहासही दिसला. वाईहून मेणवली तीन किलोमीटर, तिथे नाना फडणीसांचा वाडा. "नानांना नानांचा वाडा दाखवू," तो म्हणाला. माणूस इंजिनिअर आहे, पण अधूनमधून असं काहीतरी सुचतं त्याला.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅरिअर आठवडाभर आधी घरात उघडं ठेवा, आत वापरलेली चादर घाला, म्हणजे त्यांना ते आपलं वाटेल. आठवडाभर कॅरिअर हॉलमध्ये होतं. नाना येता-जाता त्याच्यापासून दोन हात लांबून जायचे, सोवळ्यातल्या आजी जायच्या तसे. शनिवारी सकाळी मी त्यांना उचललं. मांजराला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा नखं असतात हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्या सकाळी मोजून खात्री झाली. तोंडाकडून आत ढकलावं तर चारी पाय कॅरिअरच्या चौकटीवर रोवलेले, दारावर तोरण लावल्यासारखे. शेवटी नवऱ्यानं कॅरिअर उभं धरलं आणि मी त्यांना शेपटीकडून खाली सोडलं, बरणीत लोणचं भरतात तसं. वरून जाळी लावली. आतून एक आवाज आला, खर्जातला, लांब. चिडलेला म्हणावा तर तसाही नव्हता. नोंद घेतल्याचा होता.

सामान भरताना लक्षात आलं की आमच्या दोघांची मिळून एक पिशवी आहे आणि नानांच्या पाच : लिटर, लिटरचा ट्रे, खाणं, पाण्याचं भांडं, आणि त्यांचं ते एक फाटकं पायपुसणं, ज्याच्याशिवाय त्यांना झोप येत नाही.

कात्रजचा बोगदा येईपर्यंत नाना मध्यम लयीत ओरडत होते. बोगद्यात त्यांनी द्रुत धरली. बाहेर पडल्यावरही खाली आले नाहीत. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "कुणाला काही लागलंय का?" मी म्हटलं, "नाही हो, मांजर आहे." त्यांनी काच वर केली आणि नवऱ्याला काहीतरी सांगितलं. आमची गाडी पुढे गेली तरी ते दोघं आमच्याकडेच बघत होते. सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली, सातारा जिल्हा लागला. नानांना जिल्ह्यांचं काही नसावं.

खरी मौज खंबाटकीत. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, येताना बोगदा. दुसऱ्या शनिवारी सकाळी अख्खं पुणं महाबळेश्वरला निघालेलं असतं, आणि त्यातच एक ट्रक वळणावर बॉनेट उघडून उभा होता. आमच्या पुढे पिकनिकचा टेंपो, मागे मिनी बस. पाऊण तास गाडी हलेना. टेंपोतली पोरं खाली उतरून आमच्या खिडकीशी जमली. "काका, बोका आहे का?" "काका, चावतो का?" नाना त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर माझ्यावर होती.

आणि तेवढ्यात फोन वाजला. साहेब.

"मॅडम, सुट्टी आहे माहितेय, एकच मिनिट. त्या तीन खात्यांचं..." एवढं ते बोलले आणि नानांनी आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम आलाप घेतला. खालून उचलला, वर नेला, तिथे थांबवला, थरथरवला. टेंपोतली पोरं गप्प झाली. फोनवर साहेब गप्प झाले.

"मॅडम, कोण रडतंय?"

मी खोटं बोलले नाही. "घरातलेच आहेत सर," म्हटलं, "जरा त्रास होतोय त्यांना. घाटात अडकलोय."

"अरेरे. बघा त्यांच्याकडे आधी. आपण सोमवारी बोलू." आणि फोन ठेवला. सतरा वर्षांच्या नोकरीत साहेबलोकांनी स्वतःहून फोन ठेवल्याची ही पहिली वेळ. मी जाळीतून बोट आत घालून नानांच्या कपाळावरून फिरवलं. त्यांनी ते चावलं.

सुरूरच्या फाट्याला वळलो, रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडलेल्या, आणि ओरडून ओरडून थकलेले नाना शेवटी झोपले, नेमके पोहोचायला दहा मिनिटं असताना.

मावशीचं घर गणपती आळीत, घाटापासून हाकेच्या अंतरावर. खाली शहाबादी फरशी, मधल्या खोलीत लोखंडी कॉट, मागे परस. मी कॅरिअर उघडलं. नाना बाहेर आले, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि तीन उड्यांत कॉटखाली. तिथे मावशीच्या सासऱ्यांच्या वेळची पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यामागे शिरले. आता फक्त दोन हिरवे दिवे दिसत होते.

"हे मांजर आहे की रुसलेला जावई?" मावशी म्हणाली.

तिनं वाटीत दूधभात कालवून आणला. मी म्हटलं, "मावशी, दूध नको गं. मोठ्या मांजरांना पचत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"आमच्या मांजरांना डॉक्टरनं सांगितलं नव्हतं," मावशी म्हणाली, "म्हणून पचायचं."

मग मावशीनं तिच्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली. घरात एक चोरटा बोका झाला होता. सासऱ्यांनी एके दिवशी त्याला पोत्यात घातलं, कृष्णेच्या पुलावरून पलीकडे नेलं, लांब शेतात सोडलं, वाटेत दोन ओळखीचे भेटले, चहा झाला, आणि घरी येऊन बघतात तर बोका पायरीवर. "मांजर घराचं असतं बाई, माणसाचं नाही. आणि तू त्याला घरातून उपटून आणलंस." पिल्लांना सात घरं फिरवते ती मांजरी, मी आठवण करून दिली. "ती आई फिरवते," मावशी म्हणाली, "तुझ्यासारखी ओला करून नाही." आम्ही गाडी स्वतःची आणली होती, पण मावशीच्या मते चार चाकांचं जे पुण्याहून येतं ते ओला.

दुपारी नवरा ढोल्या गणपतीला गेला. १७६२ चं देऊळ, रास्त्यांनी बांधलेलं. मागची भिंत माशासारखी निमुळती, कृष्णेला पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. हे तो मला तिथून फोटो पाठवून समजावत होता. मी गेले नाही. मी नानांना बाहेर काढत होते. आधी हाक मारली, मग खाऊची पुडी वाजवली, मग ते फाटकं पायपुसणं ट्रंकेजवळ सरकवलं. त्यांनी पंजानं पायपुसणं आत ओढून घेतलं आणि मला बाहेर ठेवलं. मी फरशीवर पालथी झाले, गाल फरशीला टेकवला. फेब्रुवारी असला तरी वाईचं ऊन दुपारी चांगलं तापतं, आणि शहाबादी गार होती. मी त्यांच्याकडे बघून सावकाश डोळे मिटले, उघडले. मांजराशी गोड बोलायची ही रीत, म्हणतात. नानांनी पण सावकाश मिटले. पुन्हा मी मिटले.

ते उघडले तेव्हा साडेपाच वाजले होते. गालावर फरशीची चौकट उमटली होती. तोंडातून लाळ. डोक्याखाली कुणीतरी उशी सरकवलेली, ही मावशी. आणि कॉटखालून अखंड घुरघुर येत होती. अशी घुरघुर मी घरीही ऐकली नव्हती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची, थांबायची. मला भरून आलं. म्हटलं, अखेर रमले. हात लांब करून चाचपलं तर पोटाखाली काहीतरी कडक लागलं. माझा फोन. हाका मारताना हातातून सुटून सरकला असणार. मांजराला ऊब लागते आणि फोन तापतोच. नाना त्याच्यावर अंडी उबवावीत तसे बसले होते. त्यातली नानांची घुरघुर किती आणि फोनची किती, हे आता सांगता येणार नाही. ग्रुपवर एकशे बारा मेसेज होते. साहेबांचा शेवटचा : "मॅडमना डिस्टर्ब करू नका, घरी सीरियस आहे."

संध्याकाळी मावशी घाटावर घेऊन गेली. या दिवसांत वाईत कृष्णाबाईचे उत्सव चालू असतात. एका घाटाचा संपला की पुढच्या घाटाचा. मावशी म्हणाली, "बघ, देवीसुद्धा घरं बदलते." सकाळपासून ती तो मुद्दा विसरली नव्हती. पायरीवर बसून स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या, मीठ लावून. पाण्यात पाय सोडले. दाढांचं मला आठवलंही नाही, म्हणजे आता लिहिताना आठवलं की तेव्हा आठवलं नव्हतं.

रविवारी मेणवलीला दोघंच गेलो. नानांना निमंत्रण होतं, पण त्यांनी ट्रंक सोडली नाही. वाडा बघितला. प्रसिद्ध मेणवली दफ्तर इथलंच. हिशोबाच्या कागदांचा माणूस म्हटल्यावर मला उगीच माहेरी आल्यासारखं झालं. खाली घाटावर ती मोठी घंटा आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या स्वारीतली ही घंटा. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि बाई आता कृष्णाकाठी महादेवाच्या शेजारी सुखानं राहते. नवरा बराच वेळ घंटेकडे बघत होता. मग म्हणाला, "मांजराच्या गळ्यात ही कशी बांधायची?" मी त्याला सांगितलं की आधी मांजर कॉटखालून काढ, बाकीचं मग बघू.

ते काढायला रविवारी दुपारी पावणेदोन तास लागले. ट्रंक हलवली, तेव्हा तिच्यामागे मावशीचा दहा वर्षांपूर्वी हरवलेला अडकित्ता आणि सासऱ्यांचा एक जोडा निघाला. मावशीनं अडकित्ता पदरानं पुसला आणि नानांबद्दलचं मत बदललं. निघताना त्यांच्यासाठी वाटीभर सुकट बांधून दिली.

येताना खंबाटकीचा बोगदा लागला. नाना गप्प. कात्रजच्या बोगद्यातही गप्प. मला जरा काळजी वाटली, जाळीतून बघितलं, तर पायपुसण्यावर हनुवटी ठेवून शांत झोपलेले.

सोमवारी साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "आता कसे आहेत ते?" मी म्हटलं, "बरे आहेत, पण बोलत नाहीत फारसं." त्यांनी मान हलवली आणि ती तीन खाती दुसऱ्या टेबलावर दिली.

कॅरिअर अजून हॉलमध्येच आहे. माळ्यावर टाकता येत नाही, कारण नाना आता त्याच्यातच झोपतात. परवा आत हात घातला तर अठरांपैकी पाच नखं दाखवली.