ब्रुनोचे बाबा

कोथरूड असो की सिंहगड रस्ता, पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत ब्रुनोचे बाबा सापडतातच. दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव ठळक असतं, पण वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत ते कुणाच्याच तोंडी नसतं. 'बी विंग, तिसरा मजला, ब्रुनोचे बाबा' एवढं सांगितलं की कुरिअरवाला बरोबर पोचतो आणि तो पोचल्याची वर्दी लिफ्टचं दार उघडायच्या आत अख्ख्या विंगेला मिळते. कुठे ब्रुनोच्या जागी सिंबा असतो, कुठे कोको, कुठे लिओ. बाबा बदलत नाहीत.

बाबांचा शब्दसंग्रह मर्यादित आहे. 'काही करत नाही तो.' 'त्याला खेळायचंय.' आणि समोरचा जिन्याच्या कठड्याला पाठ लावून उभा राहिला की, 'तुम्ही घाबरलात ना, म्हणून भुंकतोय.' गुन्हा कोणाचा, हे या तिसऱ्या वाक्यात ठरून जातं. ब्रुनोला कुत्रा म्हटलेलं त्यांना खपत नाही. एरवी मराठी शाळा बंद पडताहेत म्हणून हळहळणारे हे गृहस्थ ब्रुनोशी मात्र इंग्रजीतच बोलतात. 'नो ब्रुनो! स्टॉप इट! बॅड बॉय!'

ब्रुनो बीगल आहे. लांब कान आणि केविलवाणे डोळे बघून त्याची निवड झाली. आवाजाची चौकशी कुणी केली नाही. बीगल ही इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी जोपासलेली जात. झाडीत घुसलेला कुत्रा दिसला नाही तरी तो कुठे आहे हे शिकाऱ्याला ऐकू यावं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खणखणीत गळ्याचेच कुत्रे पसंत केले गेले. माळरान ओलांडून जावा म्हणून घडवलेला तो गळा बाबांनी हौसेनं टू-बीएचकेमध्ये आणून ठेवला आहे.

बेल वाजली की काय होतं ते बघण्यासारखं असतं. ब्रुनो सोफ्यावरून झेपावतो, गुळगुळीत टाइल्सवर नखं घसरतात, बूट ठेवायचं कपाट हादरतं आणि दारामागे भुंकण्याचा धडाका सुरू होतो. आतल्या खोलीतून बाबा त्याच्याहून मोठ्यानं ओरडतात. ब्रुनोच्या हिशेबी ही साथ असते: बाबाही आले मदतीला, आता दोघं मिळून परतवून लावू! तेवढ्यात बाबा बरणीतून एक बिस्कीट काढून त्याच्या तोंडात कोंबतात. शांतता होते. बिस्कीट संपतं.

ब्रुनोनं यातून काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. एक, भुंकलं की बिस्कीट मिळतं. दोन, दाराशी आलेला माणूस भुंकलं की निघून जातो. भाजीपासून बॅटरीच्या सेलपर्यंत सगळं दहा मिनिटांत घरपोच येत असल्यामुळे ही परीक्षा तो दिवसातून अनेकदा देतो आणि दर वेळी पास होतो. पाकीट देऊन माणूस आपसूकच जाणार होता, हे त्याला कोण सांगणार? प्रौढ लांडगा क्वचितच भुंकतो. कुत्रा माणसाच्या सहवासात आला आणि वाचाळ झाला, असं प्राण्यांचे अभ्यासक सांगतात. आपलं बोलणं ऐकणारं गिऱ्हाईक मिळाल्यावर कोण गप्प बसेल?

सोसायटीच्या सभेला बाबा फाइल घेऊन येतात. तिच्यात भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 सालच्या सूचनांची प्रत असते. भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे, ती सहन केली पाहिजे, या वाक्यावर पिवळं मार्कर फिरवलेलं असतं. सततच्या भुंकण्याचा शेजाऱ्यांना त्रास होऊ शकतो, विशेषतः रात्री कुत्र्याला शांत ठेवावं, हेही त्याच कागदावर आहे. तिथे मार्करची शाई संपलेली असते. खालच्या मजल्यावरचे आजोबा निवासी भागाची ध्वनिमर्यादा वाचून दाखवतात: दिवसा 55 डेसिबल, रात्री दहानंतर 45. बाबांचं उत्तर तयार असतं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या चार्ली नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरनं 2012 मध्ये 113.1 डेसिबलचा गिनेस विक्रम केला होता. 'त्यामानाने आमचा शांतच म्हणायचा, काका.'

या घरात ब्रुनोचं बोलणं खऱ्या अर्थानं कळतं ते कामाला येणाऱ्या मावशींना. भांडी घासता घासता, दाराकडे न बघता त्या सांगतात, 'हे मांजराचं', 'हे पार्सलवाल्याचं', 'हे उगाच'. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2005 मध्ये मुडी जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवलं, तेव्हा कुठलं भुंकणं कुठल्या प्रसंगातलं हे अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त वेळा माणसांना ओळखता आलं. ज्यांनी कुत्रा कधी पाळला नव्हता त्यांनाही. मावशींनी आणखी एक प्रकार सांगितला होता: दुपारचा, घरात कुणी नसतानाचा, वरच्या पट्टीतला. अमेरिकेतल्या संशोधक सोफिया यिन यांना एकट्या पडलेल्या कुत्र्यांच्या भुंकण्यात हीच चढी पट्टी आढळली होती. 'काहीतरीच,' बाबा म्हणाले, 'मी घरी असतो तेव्हा तर असा भुंकत नाही.'

शेवटी ट्रेनर येतो. तो ब्रुनोकडे कमी आणि बाबांकडेच जास्त बघतो. बिस्कीट द्यायचं, पण गप्प झाल्यावर, असं तो सांगतो. आधी दोन सेकंदांच्या शांततेला, मग पाच, मग दहा. बेलचा आवाज मोबाइलवर घेऊन अगदी हळू वाजवायचा, ब्रुनो शांत राहिला तर खाऊ, मग आवाज थोडा वाढवायचा. बाल्कनीच्या काचेवर खालचा अर्धा भाग दिसणार नाही अशी फिल्म लावायची. सकाळच्या फेरीत ब्रुनोला मनसोक्त हुंगू द्यायचं, फोनवर बोलत ओढत न्यायचं नाही. एकटं राहायची सवय आधी मिनिटामिनिटानं लावायची. विजेचा झटका देणारा पट्टा? अजिबात नको, भेदरलेला कुत्रा आणखी बिघडतो. आणि म्हातारा कुत्रा अचानक भुंकायला लागला तर आधी पशुवैद्याकडे न्यायचं, दुखणं असू शकतं.

बाबा उत्साहानं सुरुवात करतात. पण लक्ष वेधण्यासाठी भुंकणाऱ्याकडे दुर्लक्ष केलं की तो आधी दुप्पट भुंकतो, कारण आजवर चाललेलं नाणं एकाएकी कसं चालेनासं झालं हे त्याला तपासून बघायचं असतं. हा टप्पा ट्रेनरनं सांगितलेला असतो. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर सामन्याची शेवटची ओव्हर चालू असताना बाबा बरणी उघडतात. नेटानं भुंकलं की हमखास मिळतं, हा नवा धडा ब्रुनो त्या संध्याकाळी शिकतो. 'पद्धतीत काही दम नाही,' असं दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ऐकू येतं.

बाबा वाईट नाहीत. पावसात छत्री ब्रुनोवर धरून स्वतः भिजणारा माणूस वाईट कसा असेल? अडचण एवढीच की दुपारी अडीच वाजता ते हिंजवडीला असतात, आणि तेव्हाचा ब्रुनो त्यांनी कधी ऐकलेलाच नसतो. तेव्हा तक्रार-अर्ज लिहिण्याआधी ते भुंकणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यांना पाठवा. सोसायटीच्या ग्रुपवर नको, एकट्यांना.