कंबर धरली? कोल्हापुरातील नवशिक्यांसाठी उपचार-मार्गदर्शक

अभिनंदन. अंघोळीची बादली उचलताना कंबरेत काहीतरी कट्ट झालं आणि तुम्ही वाकलेले तसेच राहिलात, म्हणजे तुमचा प्रवेश पक्का झाला. कोल्हापुरात हाडामणक्यांना उपचार मिळत नाहीत असं कधी होत नाही. अडचण असते ती क्रमाची. आधी कोणाकडे जायचं आणि त्याला न दुखावता दुसऱ्याकडे कसं सरकायचं, हे नवशिक्याला कळत नाही. म्हणून या पायऱ्या.

पायरी पहिली: घर

ही उसण आहे, असं घरातलं सर्वांत वयस्क माणूस खाटेवरूनच ठरवतं. उसणेला पायाळू लागतो, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा माणूस. त्यानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत आहे. गल्लीत असा एखादा असतोच आणि तो कामावरून बोलावला जातो. हल्ली पायाळू बाळं बहुतेक सिझेरियननं जन्मतात. अशांचा पाय चालतो का, यावर गल्लीतल्या जाणकारांनी अजून निकाल दिलेला नाही.

दरम्यान शेजारच्या काकी निर्गुडीचा पाला घेऊन येतील. "मी ह्योच पाला बांधलो, चार दिवसात पळायला लागलो बघ." बांधा. शेकानं खरोखर बरं वाटतं. बिब्बा मात्र नको. बिब्ब्यानं कातडी भाजून असे फोड येतात की माणूस कंबर विसरतो, आणि काही घरांत यालाच गुण आला म्हणतात.

पायरी दुसरी: तालीम

इथं जरा थांबू, कारण हा विभाग आपल्या गावाचा मान आहे. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पिढ्या घडल्या, पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे १९५९ साली इथल्याच मातीतून वर आले. जिथं रोज माणसं आपटली जातात, तिथं उतरलेला खांदा बसवणारा कोणीतरी तयार होणारच. वस्तादांच्या हातानं हजारो पाठी चाचपलेल्या असतात. आखडलेला स्नायू नेमका कुठं आहे हे त्या हाताला कळतं, आणि मालिश झाल्यावर जे सुटल्यासारखं वाटतं ते खोटं नसतं.

पण हाताला फोटो दिसत नाही. पडल्यावर हाड मोडल्याची शंका असेल, तर आधी फोटो काढा, मग कुणाचेही पाय धरा. मोडलेल्या हातावर अंड्याचा लेप, वर बांबूच्या कामट्या आणि त्यावर करकचून पट्टी, हा जुना प्रकार अजून चालतो. पट्टी जास्त आवळली तर आतला रक्तपुरवठा तुटतो आणि पाच-सहा तासांत स्नायू मरू लागतात. मग बोटं आकसतात ती कायमची. जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी हे १८८१ सालीच लिहून ठेवलं आहे. बोटं निळी पडली, बधिर झाली, किंवा दुसऱ्यानं नुसती सरळ केली तरी जीव जातो असं वाटलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी पट्टी सोडा आणि दवाखाना गाठा. ज्यांनी बांधली त्यांना काय वाटेल, याचा विचार सकाळी करता येईल. डॉक्टरनं घातलेल्या प्लास्टरलाही हाच नियम आहे, फक्त ते घरी सोडता येत नाही.

पायरी तिसरी: पुडी

आठवडी बाजारात किंवा कुणाच्या तरी मेहुण्याच्या ओळखीनं मिळते. तीन दिवसांत गुडघा मऊ पडतो, भूक लागते, चेहरा भरतो. "तब्येत सुधारली की रं!" असं पाव्हणे म्हणू लागले की सावध व्हा. अशा बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड सापडलं आहे. त्यानं साखर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि कधी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच आटतो. म्हणजे गुडघ्यासाठी सुरू झालेला उपचार खुब्याच्या ऑपरेशनवर संपतो.

पायरी चौथी: पट्टा

घ्या. घरात चार असतातच.

पायरी पाचवी: हाडाचा डॉक्टर

सीपीआर रुग्णालयात केसपेपर काढून रांगेत बसा किंवा राजारामपुरीत नंबर लावा. डॉक्टरनं तपासून "काही नाही, चालत राहा, झोपून राहू नका" असं सांगितलं तर तो डॉक्टर कच्चा, असं घरी आल्यावर ठरतं. एमआरआय लिहून देणारा खरा. रिपोर्टात एल-फोर, एल-फाइव्हची गादी फुगल्याचं लिहिलेलं असतं, आणि तो कागद मग प्रत्येक पाव्हण्याला दाखवला जातो.

या कागदाची गंमत अशी. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा माणसांच्या एमआरआयचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये हिशेब मांडला गेला. विशीतल्यांमध्ये ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांची गादी फुगलेलीच निघाली. पहाटे रंकाळ्यावर तरातरा फेऱ्या मारणाऱ्यांना ओळीनं मशिनमध्ये घातलं, तर निम्म्यांना आपण आजारी असल्याचं तिथंच कळेल.

एमआरआय हवाच अशा वेळाही आहेत, आणि तिथं थट्टा नाही. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी दवाखाना. तासांचा फरक पडतो. पाठदुखीबरोबर बारीक ताप, घटतं वजन, रात्री झोपू न देणारी कळ असेल तर मणक्याचा क्षय किंवा गाठ आहे का हे पाहावंच लागतं. म्हातारं माणूस न्हाणीत घसरून खुब्यावर पडलं तर त्याला मालिश करू नये.

पायरी सहावी: श्रेय

आता खरं गुपित. साधी कंबरदुखी बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यामुळे पाचव्या आठवड्यात तुम्ही ज्याच्या दारात असाल, त्याच्या हाताला गुण. पहिल्या आठवड्यातला पायाळू बिचारा बदनाम, शेवटचा प्रसिद्ध. काकींचा पाला बहुधा पाचव्या आठवड्यातला असावा. गावात ज्या उपचाराची ख्याती ऐकाल, त्याच्याकडे माणसं दुखणं सुरू झाल्यावर किती दिवसांनी जातात, हे विचारा.

पोट-पाठीचे व्यायाम, मांडीचे स्नायू बळकट करणं, रोज चालणं यांची कीर्ती का होत नाही, तेही यावरूनच कळेल. त्यांत श्रेय घ्यायला दुसरं कोणी नसतं. फिजिओथेरपिस्ट व्यायामाचा कागद देतात, तो फ्रिजवर चिकटतो आणि उपचार झाला असं धरलं जातं. वजन एक किलो उतरलं की गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे तांबड्या रश्श्याची तिसरी वाटी ओढताना शेजारच्याला सांगून बघा. तो म्हणेल, पाया खा, हाडाला चांगला.

पायरी सातवी: मिरज

कोल्हापुरात गुण आला नाही की मिरजेला न्यायचं, ही वाट वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथं दवाखाना उघडला तेव्हापासूनची. ती अजून मोडलेली नाही.

पायरी आठवी: गुडघा बदलणं

२००० साली मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयींचा एक गुडघा बदलला, पुढच्या वर्षी दुसरा, आणि हे ऑपरेशन घराघरांत पोचलं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. दीड लाखाच्या पुढे सरासरी छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला. ऑपरेशन, खोली, औषधं यांचं बिल वेगळं, हे विसरू नका. झिजून हाडाला हाड घासतंय, रात्री झोप नाही, जिना चढवत नाही, अशा माणसाला हे ऑपरेशन खरोखर उभं करतं. नुसत्या फोटोवरून मात्र ते ठरवू नये.

डॉक्टर जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, व्यायाम हे सगळं समजावतील. तुम्ही मान डोलवाल. मग घरचे हळूच विचारतील, "मांडी घालून बसता येईल न्हवं?" बहुतेकदा उत्तर असतं, जमिनीवर बसणं टाळा. तेव्हा लग्नाचं निमंत्रण आलं की आधी फोन करून पंगत आहे की टेबल-खुर्ची, एवढं विचारून घ्या.