डोकं सोडून सगळीकडे!

ऐकलंत का? आमच्या पुण्यात हेल्मेट म्हणे आता कोपरात घालतात! खोटं वाटत असेल तर सकाळी साडेनऊला कर्वे रस्त्यावर उभं राहून बघा. कोपरात अडकवलेलं हेल्मेट हिंदकळतंय आणि डोक्यावर नुसता भांग. कोणी ते आरशाला लटकवतं, तर कोणी पेट्रोलच्या टाकीवर बसवतं, लाडक्या लेकराला बसवावं तसं. टाकीला खोक पडता कामा नये ना!

बरं, अज्ञान म्हणावं तर तेही नाही. परवा पार्किंगमध्ये सोसायटीतले एक चिरंजीव मलाच मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ शिकवत होते. चालवणाऱ्याला हेल्मेट, मागच्यालाही, चार वर्षांवरच्या पोरालासुद्धा. वर आयएसआयचा शिक्का हवा. नाही घातलं तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. सगळं तोंडपाठ! मग म्हणाले, "पण काकू, आज नळ स्टॉपला मामा नाहीयेत." आणि दोघांना मागे घेऊन ट्रिपल सीट पसारसुद्धा झाले.

मामांचा अभ्यास तर विचारूच नका. कुठल्या झाडामागे उभे असतात, जेवायला कधी जातात, सगळं पाठ. समोरून येणारा अनोळखी माणूस दिवा मिचकावून सावध करतो. एरवी त्यालाच पत्ता विचारून बघा! मग चौक जवळ आला की कोपरातलं हेल्मेट डोक्यावर चढतं. पट्टा मात्र लोंबकळत. पट्टा बांधलेला असावा असं त्याच कलमात लिहिलंय हो, पण त्यानं म्हणे कोरलेली दाढी विस्कटते. बिनपट्ट्याचं हेल्मेट पडताना आधी स्वतः निघून जातं, डोकं येतं मागून.

कारणं तरी किती! केस गळतात, मान आखडते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. हे शेवटचं सांगणाऱ्याच्या दोन्ही कानांत इअरफोन. २०१९ च्या जानेवारीत सक्ती आली तेव्हा तर लोकांनी पगड्या घालून निषेध केला. म्हणजे डोक्यावर काही घालायला हरकत नव्हतीच!

आमच्या बायकाही काही कमी नाहीत. स्कार्फ असा गुंडाळतील की सख्ख्या सासूनं ओळखू नये, आणि त्याच स्कार्फात कानाशी मोबाइल खोचून "अगं, ऐक ना" करत सिग्नल तोडतील.

आणि हीच बेफिकीर मंडळी एका बाबतीत फार दक्ष! भर दुपारी माझ्या स्कूटरचा दिवा दिसला की जो तो बोटं उघडमिट करतो, "काकू, लाइट! लाइट!" अहो, एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करायला बटणच नसतं. पण ऐकतंय कोण? काल एक काका राँग साइडनं आले, माझ्यासमोर गाडी आडवी घातली आणि मागे हॉर्नचा कल्लोळ चाललेला असताना मला शांतपणे समजावत बसले, बॅटरी उतरेल म्हणून.